धड पायाला पट्टा

डॉक्टरनं बघायच्या आधी माझ्या पोरीचा गुडघा अख्ख्या तालमीनं बघून घेतला. अक्कल पाजळायला काय पैसं पडत्यात? एक म्हणाला, नस चढलीया. दुसरा म्हणाला, वाटी सरकलीया. तिसरा, ज्याला सोताच्या म्हशीचं दुखणं कधी कळलं न्हाय, त्यो म्हणाला, वारं धरलंय. आणि आण्णा वस्ताद, ज्यांच्या पाया पडून माझी निशी रोज मातीत उतरायची, त्यांनी तेल गरम करून आणायला सांगितलं.

मी तवा घरी धारा काढत होते. आमचं गाव मुरगूडच्या शेजारी, आणि तालीम आमच्या गोठ्याच्या मागच्याच गल्लीत. पोरीची बोंब मला म्हशीखाली बसल्या जागी ऐकू आली. चरवी तशीच टाकली आणि पळत सुटले. बघते तर काय, पोरीला उताणी पाडलेली, दोघी पोरींनी खांदं दाबून धरल्यालं, आणि आण्णा तिचा उजवा पाय पिळत्यात. धुणं पिळावं तसा! तिचा बाप उशाला उभा राहून सांगतोय, "सोस, सोस. पैलवान हायस न्हवं?"

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाय, पण आज घेते. पिराजी. त्याला तरणेपणी कुस्तीत नाव काढायचं होतं, ते काय जमलं न्हाय. मग पोटाला पोरगी आली, ती दांडगी निघाली, आणि ह्याला वाटलं देवानं आपली राहिलेली कुस्ती परत धाडली.

"सोडा तिला," मी म्हणलं.

"आक्काताई, तालमीच्या गोष्टीत बायकांनी पडू नये," आण्णा म्हणाले.

"मग तुमी पिळताय ती कोण हाय? बापय हाय?"

निशीला मी खांद्यावर टाकून घरी आणली. काय झालतं ते तिनंच सांगितलं. सराव चाललेला. हिचा उजवा पाय मातीत घट्ट रोवलेला, आणि दुसरी पोरगी बाहेरच्या अंगानं धाडकन गुडघ्यावर येऊन पडली. गुडघा आतल्या बाजूला मुडपला आणि आत कायतरी टचकन वाजलं. सांगताना पोरगी रडली न्हाय. ओठ तेवढा चावून धरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं आमी मायलेकी कोल्हापूरला. बापाला म्हणलं, चला. तर म्हणाला, डॉक्टर लोक कापाकापीच सांगत्यात, तुमीच जावा.

डॉक्टर वयानं तरणा होता, पण हात हलका. आधी त्यानं धड पाय तपासला, डावा. मग उजवा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक हात लावला, दुसऱ्या हातानं पोटरी धरून पाय हळूच बाहेर ओढून बघितला. डावा जागचा हलला न्हाय. उजवा हलला, तेवढ्यातबी निशीनं पलंगाची कड आवळून धरली. मग त्या मोठ्या मशीनीत घालून फोटू काढलं.

"हे बघा आई," डॉक्टर म्हणाला, "गुडघ्याच्या आतल्या अंगाला एक पट्टी असते आणि बाहेरच्या अंगाला एक. या दोन्ही पट्ट्या गुडघ्याला आडवा हलू देत नाहीत. हिची आतली पट्टी अर्धी फाटली आहे."

मी विचारलं, "कापायला लागतंय?"

"नाही. ह्या पट्टीचं एक चांगलं आहे, तिला रक्त भरपूर मिळतं. ती आपली आपण जुळून येते. आपण फक्त तिला जुळू द्यायचं."

"तेल लावू?"

"तेल नको, चोळणं नको. पिळणं तर अजिबातच नको. कोणी पिळलंय का?" त्यानं निशीच्या गुडघ्याची सूज बघून विचारलं.

मी काय सांगणार? म्हणलं, गाव हाय, शाणी माणसं लई.

त्यानं बर्फ लावायला सांगितला आणि एक पट्टा दिला. मांडीपासनं पोटरीपर्यंतचा, दोन्ही अंगांना लोखंडी बिजागऱ्या. त्यात पाय पुढं-मागं वाकायचा, पण आडवा तसूभर हलायचा न्हाय. सुरवातीला कुबडी, मग पट्टा घालून चालणं, मग हळूहळू व्यायाम. सगळं नीट समजावून सांगितलं.

"आणि माती कधी?" निशीनं विचारलं. डॉक्टरच्या खोलीत ती बोलली ते एवढंच.

"सूज उतरली म्हणजे पट्टी जुळली असं समजायचं नाही. मी तपासून सांगेन, तेव्हा. त्याच्या आधी असाच आडवा मार बसला, तर ही पट्टी पुरती तुटेल आणि तुटताना गुडघ्याच्या मधली दोरीही घेऊन जाईल. मग ऑपरेशन. आणि मग कुस्तीचं काही माझ्याकडं मागू नकोस."

आता ह्यात न कळण्यासारखं काय होतं? मला अडाण्याला कळलं. घरी येऊन मी बापाला आणि आण्णास्नी शब्दाला शब्द सांगितला. आण्णांनी मिशीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "बघू की."

पोरीनं मातूर डॉक्टरचा शब्द पाळला. सकाळ-संध्याकाळ बर्फ. गुडघ्याखाली टावेल ठेवून दाबायचं, पाय ताठ करून उचलायचा. म्हशी राखायला बसली तरी पाय उचलतीया. सूज गेली, कुबडी सुटली. पट्टा घालून ती अंगणात चालायला लागली, तवा मी जोतिबाला गुलाल-खोबरं बोलले. आपल्या हातनं काय वंगाळ झालं न्हाय तर माझी पोरगी परत उभी राहणार, एवढं मला दिसत होतं.

आणि एक दिवस डेअरीला दूध घालायला गेले, तर चौकात ह्यो फ्लेक्स! पलीकडच्या गावच्या जत्रंचं कुस्तीचं मैदान. मधोमध माझी निशी, मांडीवर हात मारताना. शेजारी सोनम. खाली चांदीची गदा.

सोनम कोण ते सांगते. निपाणीकडची पोरगी. आधी आमच्याच तालमीत होती. तिचाबी गुडघा असाच, आतल्या बाजूनं दुखावलेला. तिची माणसं लांब, घरची गरिबी, कोण आलं न्हाय. मग मीच तिला आमच्या घरात ठेवून घेतली. ती बरी हुईस्तवर माझ्या ताटात जेवली, निशीच्या अंथरुणात झोपली. मला अव्वा म्हणायची, तिकडं आईला म्हणत्यात तसं. पुढं ती दुसऱ्या तालमीत गेली, तिथं मॅट होती, शिकवणारी बाई होती. गेली तर गेली, पोटासाठी माणूस देश सोडतंय. पण आण्णांच्या ते जिव्हारी लागलं. माझी पट्टशिष्या पळवली म्हणून वर्षभर बोंबलत होते. त्यांना सोनमला पाडायचं होतं, आणि पाडायला त्यांच्याकडं निशीशिवाय कोण न्हवतं.

घरी येऊन मी भांडी आपटली. "जोड ठरवलीच कशी? पोरीचा पाय जुळायचाय अजून."

"जोड आधीच ठरलीया," पिराजी म्हणाला.

"मग मोडा. फोन करा, सांगा दुखापत हाय."

"फ्लेक्स लागलाय गावोगाव! आता मागं सरलं तर लोक शेण घालतील तोंडात. म्हणतील, सोनमला भ्याली."

"म्हणू देत की! म्हणून काय अंगाला भोकं पडत्यात?"

आण्णाबी बसलेलं. शांत आवाजात म्हणाले, "आक्काताई, आमी काय खुळं न्हाय. थोडी खडाखडी करायची, हाताला हात लावायचा, आणि पंच कुस्ती बरोबरीत सोडवतील. माझं बोलणं झालंय. पोरीच्या पायाला काय हुत न्हाय."

"तुमी लिहून देताय?"

"माझा शब्द हाय."

मी निशीकडं बघितलं. ती पट्ट्याचा बंद सोडायची, परत लावायची. म्हणाली, "आई, पोरं रस्त्यात हसत्यात मला. हातच लावायचाय न्हवं नुसता?"

"न्हाय म्हणजे न्हाय," मी म्हणलं. "डॉक्टर हो म्हणंपर्यंत ह्या घरातनं कोण मातीत जाणार न्हाय." आण्णा उठून गेले. मला वाटलं, ऐकलं. माझ्यासारखी खुळी मीच.

जत्रंच्या दिवशी मी रानातनं वैरण घेऊन आले, तर घरात कोण न्हाय. कॉटवर तो लोखंडी पट्टा पडलेला. शेजारीण चिमणाबाई म्हणाली, "गेली की मघाशीच गाडीतनं. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

वैरणीचा भारा दारातच टाकला. पट्टा पिशवीत घातला आणि मिळंल त्या गाडीला हात करत मैदान गाठलं. वाटेत ज्या पोराच्या मोटरसायकलवर बसले, त्यालाबी शिव्या घातल्या, का तर त्यो हळू चालवत होता.

मैदान माणसांनी फुललेलं. हलगी कडाडत होती, माइकवाला बेंबीच्या देठापासनं वरडत होता, "आली, आली, वाघीण आली!" मी बायकांच्या अंगाला घुसले. निशी आखाड्यात उतरलेली. तिनं ट्रॅकपँट काढली आणि मी बघतच राहिले. गुडघ्याला काळा कापडी पट्टा, गच्च आवळलेला. डाव्या गुडघ्याला.

डाव्या! धड पायाला! उजवा, जुळत आलेला, अर्धवट पट्टीचा पाय उघडा. त्याच्यावर चिंधीसुद्धा न्हाय.

मला लगेच कळलं, ही कुणाची विद्या. तालमीतली जुनी लबाडी हाय ही. समोरचा पैलवान पट्टा बघतो, म्हणतो ह्योच पाय दुखरा, आणि त्याच पायावर तुटून पडतो. दुखरा पाय झाकायचा असंल तर धडाला पट्टा बांधायचा. पिराजी तरणेपणी ह्या गोष्टी रंगवून सांगायचा आणि पोटभर हसायचा. त्याच्याच पोरीला त्यानं आज बांधून उभी केलती.

मी आखाड्याच्या कडंला धावले. कमिटीचा एक माणूस, बिल्ला लावलेला, आडवा आला. "ओ मावशी, बायकांनी मातीत पाय ठेवायचा न्हाय."

"आत बाईच हाय की रे मुडद्या! माझ्या पोटची हाय!"

"ती पैलवान हाय. तुमी मागं व्हा."

आण्णा पलीकडं बसल्यालं. माझा आवाज ऐकून उठून आलं आणि दात आवळून म्हणाले, "गप बस की बाई! समोरची डाव्या पायावर जाणार. उजव्याला धक्काबी लागत न्हाय. मी सोनमला ओळखतो, मीच शिकवलीया."

"बरोबरीत सोडवणार होता न्हवं? तुमचा शब्द होता न्हवं?"

ते माझ्याकडं बघंनात. गदंकडं बघत होते.

तेवढ्यात सलामी झाली. दोघींनी एकमेकींच्या अंगावर माती टाकली. सोनमनं निशीकडं बघितलं, खाली पट्ट्याकडं बघितलं. मला आठवतंय, तिनं पट्ट्याकडं दोनदा बघितलं. मी "थांबवा, थांबवा" म्हणून बोंबलत होते, पण हलगीपुढं माझं कोण ऐकतंय?

खडाखडी सुरू झाली. मानेला हात, मनगटाला हात. निशी डावा पाय मुद्दाम पुढं ठेवत होती, शिकवलेलं तसं. घे, हा धर, म्हणून. सोनम त्या पायाकडं फिरकंना. दोनदा डावा पाय आयता तिच्या हाताशी आला आणि दोनदा तिनं हात आखडता घेतला. माझ्या मागं कोणतरी म्हणालं, "पट का काढंना ही? पाय गावलाय की!" मलाबी कळंना.

आणि मग सोनम खाली वाकली, निशीच्या डाव्या पायाला वळसा घालून पलीकडं गेली, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेरच्या अंगानं खांदा लावून रेटला.

निशी वरडली ती अजून माझ्या कानात हाय. तालमीत पिळत होते तवाची बोंब तिच्यापुढं काहीच न्हाय. सोनमनं तिथंच पाय सोडला, लांब झाली, दोन्ही हात वर करून पंचांना हाका मारायला लागली. हलगी तरीबी वाजतच होती. हलगीला कोण जिंकली ते सांगायचं होतं.

आता मला कुणी अडवलं न्हाय. मी मातीत शिरले, पोरीचं डोस्कं मांडीवर घेतलं. पिराजी आला आणि वर उभा राहून म्हणाला, "ऊठ, ऊठ, काय न्हाय झालेलं." मी पिशवीतला लोखंडी पट्टा काढून त्याच्या छाताडावर फेकून मारला. सगळ्या मैदानानं बघितलं. बघू दे.

कोल्हापूरला त्याच डॉक्टरपुढं नेली. त्यानं पाय नुसता हातात घेतला आणि तो सैल, कसाबी वळायला लागला. फोटू काढलं. आतली पट्टी पुरती तुटलीया, मधली दोरीबी तुटलीया, हाडांमधली गादी फाटलीया. ऑपरेशन करायचं. चालंल, जिना चढंल, संसार करंल. निशीनं विचारलं, "आणि माती?" त्यानं मान हलवली. निशीनं भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सोनम दवाखान्यात आली. एकटीच, यष्टीनं. दारात आण्णा आणि पिराजी उभं होते, सुतक असल्यागत तोंडं करून. त्यांना ओलांडून ती आत आली आणि माझ्या पायावर पडली.

"अव्वा, मला शिव्या घाल. मार मला."

"ऊठ गं," मी म्हणलं. मला तिचा राग येत न्हवता. राग कुणाचा येतोय ते मला पक्कं म्हाईत होतं.

ती निशीच्या पलंगाशी बसली. रडून रडून तिचा घसा बसलेला. म्हणाली, "निशे, देवाशप्पथ सांगते. मी तुझा पट्टा बघितला. उतरल्या उतरल्या बघितला. माझा गुडघा गेलता ते दिवस आठवलं, तू मला धरून न्हाणीपर्यंत न्यायचीस ते आठवलं. मी म्हणलं, हरले तरी चालंल, पण तिच्या दुखऱ्या पायाला बोट लावायचं न्हाय. न्हाय लावलं गं. बघितलंस न्हवं तू? मी मुद्दाम पलीकडचा धरला. म्हणलं, धड हाय, सोसंल."

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं.

"आता कसं करायचं गं?" सोनम मला म्हणाली. "एक आधीच दुखरा, दुसरा मी मोडला. ही उभी कशावर ऱ्हाणार, अव्वा?"

मी आण्णांकडं बघितलं. "सांगा की वस्ताद. तुमची विद्या हाय, तुमीच सांगा तिला."

आण्णांनी खाकरून घसा साफ केला. "पोरी, कुस्ती म्हणल्यावर असं व्हायचंच..."

तेवढ्यात निशीनं अंगावरची चादर बाजूला केली. डावा पाय वाकवला, टाच पार मांडीला लावली, ताठ केला, परत वाकवला. एकदा, दोनदा. धडधाकट पाय, कसलं दुखणं न्हाय.

"ह्यो कधी दुखलाच न्हवता," ती म्हणाली.

सोनम त्या पायाकडं बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला, कारण तसलं तिच्या डोक्यात येत न्हाय. मग कळलं. तिनं दाराकडं बघितलं, आण्णांकडं, पिराजीकडं. शिव्या घातल्या न्हायत. निशीचा हात तेवढा धरला आणि हळू म्हणाली, "एक फोन करायचा की गं. मी सलामी देऊन पाठ टेकली असती."

निशी तवा रडली. मोडल्यापासनं पहिल्यांदा.

मी उठले आणि दारातल्या त्या दोघांपुढं जाऊन उभी राहिले.

"ही पोरगी तुमच्यासारखी असती," मी म्हणलं, "तर माझी आज चालत घरी आली असती."